'आपण' या सर्वनामाविषयी

एक

गेली वीस-बावीस वर्षे मी विद्यापीठात मराठीचे अध्यापन करीत आले आहे. मराठी वक्तृत्वाची शैली हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी मी ज्या भाषणांचा अभ्यास केला ती सर्वच्या सर्व छापील होती. पुनरुक्ती, प्रश्नार्थक विधाने, म्हणींचा वापर, वाक्यांची लांबी यांची मी मोजदाद केली, तक्ते तयार केले आणि त्यांच्या आधारे वक्त्यांची वर्गवारी केली. मौखिक परीक्षेत त्या तक्त्यांचे कौतुकही झाले. ही भाषणे चालू असताना समोर कोण बसले होते, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही तो स्वतःला विचारला नाही.

तो विचारला गेला डिसेंबर २०२३ मध्ये, एम.ए.च्या वर्गात. भाषा आणि समाज यांच्या संबंधाविषयी बोलताना मी सहज म्हणून गेले, "अंतरवालीपासून आपली भाषा बदलली." मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "मॅडम, 'आपली' म्हणजे कोणाची?" हा विद्यार्थी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचा, म्हणजे माझ्याच माहेरच्या तालुक्याचा. तो धनगर समाजातला आहे आणि मी जन्माने मराठा आहे. वर्गात या दोन्ही गोष्टी सर्वांना ठाऊक होत्या. त्या दिवसापर्यंत त्यांचा उच्चार मात्र झाला नव्हता. मी काहीतरी सारवासारव केली आणि तास संपवला. प्रस्तुत लेखन म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले आणि अपुरेच असलेले उत्तर आहे.

दोन

प्रश्न व्याकरणाचाही आहे. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही'मधून ऐकणारा वगळला जातो, 'आपण'मध्ये त्याचा समावेश होतो. प्रमाण हिंदीतील 'हम'मध्ये हा भेद नाही आणि इंग्रजीतही नाही. त्यामुळे मराठी भाषणाचा वृत्तान्त त्या भाषांत गेला की त्याचा राजकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटेतच गळून पडतो. 'आम्ही गप्प बसणार नाही' आणि 'आपण गप्प बसायचे नाही' या दोन वाक्यांत निर्धार एकच असला तरी पहिल्यातील श्रोता प्रतिपक्षी किंवा प्रेक्षक आहे आणि दुसऱ्यातील श्रोता सहभागी आहे.

परंतु 'आपण'चे काम एवढ्यावर संपत नाही. हेच सर्वनाम आदरार्थी द्वितीय पुरुष म्हणूनही येते: 'आपण उपोषण मागे घ्यावे.' येथे 'आपण'मध्ये बोलणारा नाही; उलट, बोलणाऱ्याने स्वतःला शिष्टाचाराच्या अंतरावर उभे केले आहे. आणि 'तो आपण होऊन आला' असे आपण म्हणतो तेव्हा तेच रूप स्वतः या अर्थाने येते. आपलेपण, अदब आणि स्वत्व असे तीन अर्थ एका शब्दात नांदतात. राजकीय भाषणात ते नुसते नांदत नाहीत, एकमेकांशी झगडतात. माझ्या प्रबंधात सर्वनामांचा तक्ता होता. त्यात 'आपण' हा एकच रकाना होता.

तीन

पार्श्वभूमी बहुतेक वाचकांना परिचित आहे, तरी थोडक्यात नोंदवते. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि एका तालुक्याचा विषय राज्याचा विषय झाला. १४ सप्टेंबरला मुख्यमंत्री तेथे आल्यानंतर ते उपोषण सुटले. मराठ्यांना कुणबी म्हणून इतर मागासवर्गात स्थान मिळावे ही मागणी पुढे केंद्रस्थानी आली. तिच्या विरोधात १७ नोव्हेंबरला अंबड येथेच इतर मागासवर्गीयांची मोठी सभा झाली आणि छगन भुजबळ यांचे भाषण झाले. पुढे जून २०२४ मध्ये याच तालुक्यातील वडीगोद्री येथे लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे हे इतर मागासवर्गीयांच्या बाजूने उपोषणाला बसले. दोन्ही बाजूंची व्यासपीठे एकाच तालुक्यात, एकाच बाजारहाटाच्या टापूत उभी राहिली.

अंबडच्या सभेच्या आठवड्यात मी भाऊबीजेसाठी माहेरी होते. आमच्या शेताला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. शेजारचे शेत एका धनगर कुटुंबाचे आहे. त्या घरातला कर्ता पुरुष माझ्या थोरल्या भावाचा बालमित्र. दोघांची पाइपलाइन सामाईक आहे आणि पाणी धरायला दोघे आळीपाळीने रात्री जागतात. इतकी वर्षे तो ओट्यावर येऊन भावाला सांगत असे, "उद्या आपली पाळी हाय." पाळी त्याची असो की आमची, शब्द हाच. त्या संध्याकाळी तो आला, ओट्यावर टेकला नाही, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "उद्या आमची पाळी हाय." भाऊ म्हणाला, "बरं." भांडण झाले नाही, आवाजही चढला नाही. पाणी ठरल्याप्रमाणे दिले-घेतले गेले. सर्वनाम तेवढे बदलले होते.

तो गेल्यावर मी भावाला विचारले. त्याने सांगितले की सप्टेंबरात, अंतरवालीहून परतल्यावर, तोच एकदा बोलता बोलता म्हणाला होता, "आता आमच्या लोकांनी ठरवलंय." समोर हा मित्र बसलेला होता. म्हणजे पहिला 'आम्ही' आमच्या ओट्यावरून गेला होता. परत आलेला 'आम्ही' हे त्याचे उत्तर होते. ही गोष्ट भावाने अपराधीपणाने सांगितली नाही, अभिमानानेही सांगितली नाही. पाऊस कमी झाला हे सांगावे तशी सांगितली.

चार

राजकारण समजून घेण्यासाठी भाषणांचा अभ्यास करावा, असे म्हटले की आपल्या विद्यापीठीय परंपरेत दोन वाटा सुचतात. एक ॲरिस्टॉटलची: वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद या त्रयीने भाषण तपासायचे. दुसरी शैलीविज्ञानाची, जिच्यावरून मी चालले. आपल्या काव्यशास्त्रात मात्र एक साधन आहे, ज्याकडे मी केवळ शृंगारिक मुक्तकांच्या संदर्भात पाहत आले होते. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंजनेचा विचार करताना, वाच्यार्थापलीकडचा अर्थ कशाच्या वैशिष्ट्यामुळे स्फुरतो याची यादी दिली आहे. वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, काकू म्हणजे आवाजाचा हेल, वाक्य, वाच्यार्थ, अन्यसंनिधी, प्रसंग, स्थळ, काळ अशी ती यादी आहे.

यातील 'अन्यसंनिधी' हा घटक विलक्षण आहे. बोलणे एकाला उद्देशून असते आणि अर्थ जवळ उभ्या असलेल्या तिसऱ्यासाठी असतो. घरकामातून संध्याकाळीच काय ती क्षणभर उसंत मिळते, असे नायिका शेजारणीला सांगते. भेटीची वेळ कळते ती पलीकडे थांबलेल्या प्रियकराला. हे उदाहरण मी कित्येक वर्षे हसत हसत शिकवले. अंतरवालीच्या मंडपाची चित्रणे पाहताना प्रथमच ते मला गंभीरपणे आठवले. शासनाचे प्रतिनिधी उपोषणकर्त्याच्या खाटेजवळ बसत आणि बोलणे ध्वनिक्षेपकावरून चाले. २ नोव्हेंबर २०२३ रोजी दोन निवृत्त न्यायमूर्ती चर्चेला आले, तो संवादही कॅमेऱ्यांपुढेच झाला. वाटाघाट बंद दाराआड होते, हा राजकारणाचा जुना नियम येथे मोडला होता. मंत्र्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचा खरा बोद्धव्य भोवतीचा समुदाय होता आणि त्या समुदायाला दिलेल्या प्रत्येक हाकेचा अन्यसंनिधी मुंबईत बसला होता. शिवाय आणखी एक तिसरा होता, ज्याचा विचार मी तेव्हा केला नाही. पलीकडच्या शेतातला माणूसही आपल्या मोबाइलवर तेच ऐकत होता.

ग्रामीण बोलीचा जोर हे या वक्तृत्वाच्या प्रभावाचे कारण अनेकांनी सांगितले. ते मला पुरेसे वाटत नाही. जालना जिल्ह्याला बोलीतले वक्तृत्व नवे नाही. रावसाहेब दानवे यांची गावरान भाषणे साऱ्या महाराष्ट्रात ऐकली गेली. जालना मतदारसंघातून १९९९ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर गेलेले दानवे २०२४ मध्ये पराभूत झाले. पराभवाची कारणे अनेक असतात, त्यांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. बोली ही सामग्री आहे. ती बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कोणत्या नात्यात बसवते, हा खरा प्रश्न आहे, एवढेच म्हणायचे आहे.

पाच

नात्यांच्या शब्दांचेच पाहा. मराठी रयतेच्या अर्जविनंत्यांत 'मायबाप सरकार' हे संबोधन रूढ आहे. त्यात मागणारा लेकरू असतो आणि देणारे सरकार आईबाप. जरांगे यांच्या भाषणांत 'मायबाप' हे विशेषण समाजाला लागले. लेकरू वक्ता झाला, आईबाप झाले समोरचे लोक, आणि सरकार या नात्यातून बाहेर पडले. 'लेकरं' हा शब्दही पुन्हा पुन्हा आला. नोकरी, प्रवेश, शुल्क या प्रशासकीय बाबी त्याने घरातल्या करून टाकल्या. एका विशेषणाच्या स्थलांतराने शासनसंस्थेशी असलेला संबंध बदलावा, याहून भाषाभ्यासकाला अधिक काय हवे? परंतु कुटुंबाचे रूपक जितके ऊबदार असते तितकेच ते बंदही असते. ज्याला मायबाप म्हटले नाही, तो त्या घरात पाहुणासुद्धा उरत नाही.

शासनाने दिलेले उत्तरही नात्याच्याच शब्दात आले. २६ जानेवारी २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यात 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या करण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी वाशी येथे तो मसुदा आंदोलकांच्या हाती दिला गेला. बोलीत सगे म्हणजे रक्ताचे आणि सोयरे म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेले. या जोडशब्दाची सैल वीणच त्याचे सौंदर्य आहे. लग्नाच्या मांडवात कोण सोयरे आणि कोण नाही, हे कोणी विचारत नाही. मसुद्याने मात्र अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांतील जातीअंतर्गत विवाहसंबंधांतून निर्माण झालेले नातेवाईक, अशी हद्द आखली. व्याख्या वाचताना मी आईची आठवण काढली. सोयरीक जिच्यामुळे घडते ती स्त्री. मोजणी मात्र वडिलांकडून. सासर-माहेर करणाऱ्या कोणत्याही बाईला हे नवे नाही. लग्नानंतर 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कोठे, हे ती सर्वनाम चुकवत चुकवत वर्षानुवर्षे शिकत असते.

अंबडच्या सभेत जरांगे यांना सासरच्या भाकरीवरून टोमणा मारला गेला, तो याच संदर्भात मला महत्त्वाचा वाटतो. जावयाने सासरी खाणे लाजिरवाणे, या समजुतीवर तो उभा होता आणि ती समजूत सभेतल्यांची होती तशीच सभेबाहेरच्यांचीही होती. जातीच्या प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभे असलेले दोन्ही समुदाय पुरुषाच्या मानाविषयी मात्र एकाच व्याकरणात बोलत होते.

या सगळ्याच्या पलीकडे शासननिर्णयाची भाषा आहे. तिच्यात 'आम्ही' नाही आणि 'आपण'ही नाही. 'कार्यवाही करण्यात यावी', 'प्रमाणपत्र देण्यात येईल' अशी कर्ता नसलेली वाक्ये आहेत. मुंबईतील उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासननिर्णय निघाला, तेव्हा त्यातील 'पात्र' या एका शब्दावरून वाद झाला. महिनोन्महिने मैदानावर दुमदुमलेले वक्तृत्व शेवटी एका विशेषणाच्या असण्या-नसण्यावर येऊन थांबते. ज्यांना भाषणांचा अभ्यास करायचा आहे त्यांनी या कर्ताहीन वाक्यांचाही अभ्यास केला पाहिजे, कारण भाषणाचे फळ अखेर त्याच वाक्यांत मिळते किंवा मिळत नाही.

सहा

वर्गातील त्या प्रश्नानंतर मी दोन विद्यार्थ्यांना एक काम दिले. एक तोच, अंबड तालुक्याचा; दुसरी घनसावंगी तालुक्यातील मराठा कुटुंबातली मुलगी. अंतरवालीचे एक आणि अंबडचे एक, अशी दोन्ही भाषणे दोघांनी स्वतंत्रपणे ध्वनिचित्रफितीवरून उतरवायची, श्रोत्यांच्या प्रतिसादासह. काम सरळ होते. त्यात मतभेदाला जागा नव्हती, असे मला वाटले होते.

दोन्ही उताऱ्यांत शब्द जवळजवळ तेच होते. फरक कंसांत होता. एकाने जेथे 'हशा' लिहिले तेथे दुसरीने काहीच लिहिले नव्हते. तिने जेथे 'प्रचंड घोषणा' असे नोंदवले तेथे त्याने 'गोंधळ' असे लिहिले होते. 'लेकरं' हा शब्द आला त्या जागी तिने 'शांतता' अशी नोंद केली होती. त्याच्या उताऱ्यात ती शांतता नव्हती. दोघांनीही काही खोटे लिहिले नव्हते. दोघे हुशार होते आणि दोघांनी रात्री जागून काम केले होते.

ही गोष्ट सांगून मी विद्यार्थ्यांच्या पूर्वग्रहांविषयी एक सुबक निष्कर्ष काढू शकले असते. पण त्या रात्री मी १७ नोव्हेंबरची माझी वही काढली. सभेचे प्रक्षेपण मी माहेरी, भावाशेजारी बसून ऐकले होते आणि सवयीप्रमाणे टिपणे घेतली होती. त्यांत टोमणे शब्दशः होते, तारखेसह, अधोरेखित. आणि सभेचा जो मूळ युक्तिवाद, की इतर मागासवर्गीयांच्या वाट्यात नवे वाटेकरी आल्यास दुबळ्या जातींचे काय होईल, त्यासाठी माझ्या वहीत अर्धी ओळ होती. शैलीच्या अभ्यासकाने शैली टिपली, असे त्याचे समर्थन करता येईल. ते खरे नाही. दुसऱ्या बाजूच्या भाषणांच्या टिपणांत मी युक्तिवाद पानभर उतरवला होता आणि टोमणे वगळले होते.

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधात राजकारणावर समास आहे, लेखनक्रियेवर आहे आणि पढतमूर्खाच्या लक्षणांवरही आहे. ती वही पुढ्यात असताना तिसरा समास मला वेगळा वाचण्याची गरज उरली नाही.

सात

यातून अभ्यासच व्यर्थ आहे, असा अर्थ निघतो का? तसे मला वाटत नाही. ऐकणारा कोठे बसला आहे यावर ऐकणे अवलंबून असते, हे मान्य केल्यावर अभ्यास संपत नाही; तो अधिक अवघड होतो. आता माझ्या वर्गात भाषण उतरवणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या पानावर चार ओळी लिहितो: भाषण कोठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले, त्यातील कोणत्या 'आपण'मध्ये स्वतःला धरले आणि कोणत्या 'आपण'मधून वगळले. या ओळींना गुण नाहीत. त्या लिहिताना मुले अडखळतात आणि त्या अडखळण्यातच निम्मे काम होते, असा माझा अनुभव आहे.

त्याचबरोबर मी महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा शिकवू लागले. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या या ग्रंथात कुणबी, माळी आणि धनगर हे मुळात एकच, कामाच्या भेदाने वेगळे झालेले, असे फुले मांडतात. तो इतिहास म्हणून कितपत टिकतो यावर वाद होऊ शकेल. वक्तृत्व म्हणून पाहिले तर ती एका मोठ्या 'आपण'ची उभारणी आहे. ज्या तीन शब्दांना जोडून फुल्यांनी तो 'आपण' घडवला, तेच तीन शब्द आज आमच्या तालुक्यात समोरासमोर उभे आहेत, हे वर्गात सांगताना माझा आवाज पूर्वीसारखा निःशंक राहत नाही. मोठा 'आपण' दुखऱ्या जागेवर घातलेले पांघरूणही ठरू शकतो. आपला अर्धा वाटा गेला असे ज्याला वाटते, त्याला 'आपण सारे एकच' हे वाक्य फसवणुकीसारखे ऐकू येते. फुल्यांच्या त्या 'आपण'मागे शोषणाची तपशीलवार मांडणी होती. नुसते आवाहन नव्हते. आजच्या सर्वसमावेशक भाषणांत आवाहन पुष्कळ आणि मांडणी थोडी आढळते.

तो विद्यार्थी एम.ए. होऊन गेला. जाताना त्याने आपला उतारा माझ्याकडे ठेवला. मी त्याला माझ्या वहीतील पाने दाखवली होती. वाचून तो एवढेच म्हणाला, "मॅडम, तुम्ही निदान अर्धी ओळ लिहिली."

२०२५ च्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा शेजारचा तो बालमित्र पाणंदीत भेटला. पूर्वी तो मला पाहताच विचारायचा, "ताई, कवा आलीस?" या वेळी थांबून म्हणाला, "ताई, आपल्याकडं कधी आलात?" त्या वाक्यातील सर्वनाम समावेशक होते आणि क्रियापद आदरार्थी. मी त्याला संध्याकाळी चहाला बोलावले. तो आला, ओट्यावर बसला. भावाने आणि त्याने उसाविषयी, अतिवृष्टीविषयी, पोरांच्या परीक्षांविषयी गप्पा मारल्या. अर्धा-पाऊण तास मी कान देऊन बसले होते. दोघांनीही बोलण्यात ना 'आम्ही' येऊ दिले, ना 'आपण'.